प्रश्नोत्तरांचे पान

मराठी गद्याच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके चाळली असता ‘निबंधमाला’, ‘सुधारक’, ‘काळ’ अशी एक प्रशस्त वाट दिसते. विष्णुशास्त्र्यांचा डौल, आगरकरांची तळमळ, शिवरामपंतांचा उपरोध ह्यांची यथायोग्य पूजा तेथे बांधलेली असते. पुढे ही वाट फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाकडे वळते. ह्या वाटेवर रघुनाथ धोंडो कर्वे नावाचा लेखक भेटलाच तर एखाद्या ओळीत भेटतो, आणि तोही संततिनियमनाचा पुरस्कर्ता म्हणून. लेखक म्हणून नव्हे. ज्या गृहस्थाने १९२७ च्या जुलैपासून १९५३ च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक बहुतांशी एकट्याच्या बळावर चालविले आणि त्यापायी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्याच्या गद्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी असे पाठ फिरवून बसावे, हे नवल आहे. त्यांच्या कार्याचा गौरव झाला नाही असे नाही. य. दि. फडक्यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. २००१ साली अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. २०१७ साली अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठ्यांनी रंगभूमीवर आणले. अनंत देशमुखांनी तर त्यांचे विखुरलेले लेखन खंडामागून खंड काढून वाचकांपुढे ठेवले. परंतु चरित्र झाले, नाटक झाले, म्हणजे लेखनाचे परीक्षण झाले असे नव्हे. उलट, माणूस एकदा हुतात्मा ठरला की त्याचे वाक्य कसे होते हे विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते.

मला हा असभ्यपणा करावासा वाटला त्याला एक निमित्त घडले. ते प्रथमच सांगून टाकतो. आमच्या महाविद्यालयात तरुण मुलामुलींसाठी एका डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान ठरले होते. बाई दक्षिणेकडील, मराठी त्यांना समजे, पण बोलण्याचा सराव नव्हता. मुलांनी निनावी चिठ्ठ्या टाकावयाच्या, बाईंनी इंग्रजीत उत्तर द्यावयाचे आणि मी ते मराठीत सांगावयाचे, अशी योजना होती. कारण मी इंग्रजीचा अध्यापक, शिवाय मराठीत चार लेख लिहिलेला. पहिलीच चिठ्ठी एका मुलाची होती. जी शंका त्याने विचारली होती ती ‘समाजस्वास्थ्या’च्या पानांवर वारंवार येऊन गेलेली आहे, हे मला मागाहून कळले. बाईंनी तीन वाक्यांत, न अडखळता उत्तर दिले. मी तोंड उघडले आणि तसाच उभा राहिलो. शेक्सपियरच्या नाटकांतील झाडून साऱ्या ग्राम्य कोट्या मी पंचवीस वर्षे वर्गात इंग्रजीतून उलगडीत आलो; त्या दिवशी मातृभाषेत मला एक साधे नाम सुचेना. जे सुचत होते त्यातले निम्मे शिव्यांच्या राशीतले आणि निम्मे वैद्यकग्रंथांतले, म्हणजे उच्चारले असते तर त्याचाच अर्थ पुन्हा सांगत बसावे लागले असते. शेवटी ‘तसे केले असता’, ‘त्या भागाला’ अशी सर्वनामे जुळवून मी वेळ मारून नेली. मुले हसली, प्रश्नाला नव्हे, मला हसली. त्या संध्याकाळी ग्रंथालयातून कर्व्यांच्या लेखनाचे खंड मी घरी आणले.

कर्वे हे मुळात गणिती, ही गोष्ट त्यांच्या गद्याचा विचार करताना क्षणभरही विसरता कामा नये. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. जन्म १८८२ चा. मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले. गणिताच्या अधिक अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन राहिलेले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्स ह्यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर ह्यांनी १९१६ साली उघडलेला दवाखाना पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडला होता. म्हणजे ह्या विषयात मुंबई जगाच्या मागे नव्हती. मागे होता तो मुंबईचा शिष्टसमाज. १९२५ साली कर्व्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली ती ह्याच मतांपायी. पुढचा सगळा संसार पत्नी मालतीबाईंच्या सोबतीने आणि बऱ्याच अंशी त्यांच्या कमाईच्या आधाराने चालला. पतिपत्नींनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. १९४४ साली मालतीबाई वारल्या. ह्या बाईंविषयी आपणांस फार थोडे माहीत आहे, आणि जे आहे तेही दुसऱ्यांच्या तोंडून आलेले आहे. ही उणीव कर्व्यांच्या चरित्रातली आहे तशी त्यांच्या वाङ्मयातलीही आहे. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

आगरकरांचे वाक्य घ्या. ते श्वास घेते, चढते, वाचकाच्या खांद्यावर हात ठेवते, आणि शेवटी त्याला लाजवून सोडते. कर्व्यांचे वाक्य असे काही करीत नाही. ते आधी शब्दाची व्याख्या करते, मग गृहीतक काय ते सांगते, मग त्यातून काय निघते ते दाखविते, आणि थांबते. उपमा जवळजवळ नाहीतच. विशेषणे मोजकी. भावना जागविणारी सारी सामग्री, म्हणजे मातृत्वाचे मांगल्य, राष्ट्राचा उत्कर्ष, पूर्वजांची थोरवी, त्यांनी जणू तिजोरीत बंद करून किल्ली फेकून दिली आहे. नीती म्हणजे काय, अश्लील म्हणजे काय, अनैसर्गिक म्हणजे काय, असे एकेक शब्द ते फळ्यावर मांडतात आणि विचारतात की ह्याची व्याख्या कोणी करून दाखवील काय. व्याख्या आलीच तर तिच्यातील विसंगती काढतात. ही रीत रूक्ष खरी. परंतु ज्या विषयात प्रत्येक मराठी शब्द एक तर लाजेने किंवा पावित्र्याने बरबटलेला होता, तेथे रूक्षता हाच गुण होता. कामविषयक लेखनात रसाळपणा आला की वाचकाला ज्ञान नको होते, रसच हवा असतो. कर्व्यांनी हा धोका ओळखला होता.

समकालीनांशी ताडून पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ना. सी. फडक्यांचे ह्याच प्रश्नावरील इंग्रजी पुस्तक १९२७ साली, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले; त्याला सँगरबाईंची प्रस्तावना होती. परंतु फडक्यांच्या मांडणीचा कणा सुप्रजाजननाचा आहे: समाजाला चांगली संतती हवी, तर कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये. ही त्या काळाची जगभरची हवा होती, आणि तिचे पुढे जर्मनीत काय झाले ते सांगावयास नको. कर्व्यांचा मुख्य प्रश्न वेगळा आहे. राष्ट्राला किती माणसे हवीत हा त्यांचा प्रथम विचार नाही. अमुक एका बाईला ह्या वर्षी मूल हवे आहे की नको, आणि नको असेल तर तिने काय करावे, हा आहे. स्त्रीला शरीरसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, आणि ते सुख व अपत्यप्राप्ती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विधान त्यांनी १९२० नंतरच्या मराठीत इतक्या सरळपणे केले की आजही ते वाचताना मध्यमवर्गीय वाचकाची मान किंचित खाली जाते.

परंतु माझ्या मते ‘समाजस्वास्थ्या’चे खरे वाङ्मयीन वैशिष्ट्य त्याच्या लेखांत नाही, वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे. मराठी मासिकांत पत्रव्यवहाराची पाने पूर्वीही होती. त्यांतून वाचक संपादकाची स्तुती करी, शंका काढी, व्याकरणाच्या चुका दाखवी. येथे प्रथमच मराठी वाचक स्वतःच्या देहाविषयी विचारतो. आपण लहानपणापासून केलेल्या एका सवयीने आपले आयुष्य नासले आहे, स्मरणशक्ती गेली आहे, आता लग्न करावे की नाही, असे विचारतो. वीर्यनाशाची ती प्रचंड भीती, जी तालमीतल्या उपदेशाने, ब्रह्मचर्यावरील पुस्तिकांनी आणि भिंतीवरच्या वैद्यांच्या जाहिरातींनी पोसली होती, ह्या पत्रांतून उसासे टाकते. आणि उत्तर काय येते? भीती निराधार आहे. शरीरशास्त्र असे असे सांगते. काही झालेले नाही. दोन-चार ओळी. कित्येकदा त्याहूनही कमी.

त्या दोन-चार ओळींनी काय झाले असेल ह्याची कल्पना करावी. सोलापूरला किंवा बेळगावला एखाद्या खोलीत राहणारा कारकून ती ओळ वाचतो. आजवर त्याला कोणी सांगितले असेल तर पापी म्हणून सांगितले असेल; येथे कोणी त्याला पापीही म्हणत नाही आणि पुण्यवानही म्हणत नाही. त्याच्या प्रश्नाला प्रश्न मानून उत्तर देतो. शुष्क गद्याला करुणेचे काम करता येते हे मला ह्या पानांवर प्रथम कळले. मराठी कथा-कादंबरीत त्या दशकात जी पाने ‘हृदयस्पर्शी’ म्हणून गाजली त्यांतली पुष्कळशी आज वाचवत नाहीत. ही उत्तरे वाचवतात.

ह्याच सुमारास, १९३३ साली, ‘विभावरी शिरूरकर’ ह्या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातील गोष्टी एका स्त्रीने कथारूपाने सांगितल्या होत्या. ती स्त्री कोण ह्याचा शोध घेण्यात विद्वानांचा बराच वेळ गेला. ही दोन पुस्तके, म्हणजे एक कथासंग्रह आणि एक मासिकाचे फाइल, शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही; वाचावीत. दोहोंतही नाव झाकलेले आहे. तिकडे लेखिकेचे, इकडे प्रश्नकर्त्याचे. मराठी माणसाला आपल्या देहाविषयी खरे बोलावयाचे तर नाव बाजूला ठेवावे लागे. फक्त कर्वे तेवढे आपल्या नावानिशी उभे होते आणि म्हणून समन्स त्यांच्याच पत्त्यावर येत.

समन्स आले ते प्रथम १९३१ साली, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखासाठी. शंभर रुपये दंड झाला. वरच्या न्यायालयातही दाद लागली नाही. दुसरा खटला १९३४ चा, आणि तो नेमका प्रश्नोत्तरांच्या पानावरून झाला. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे छापली हा अपराध. ह्या वेळी कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आणि प्रश्न विकृत वाटला तरी विकृती जाते ती ज्ञानानेच, अशा अर्थाची त्यांची बाजू होती. दोनशे रुपये दंड झाला.

ह्या खटल्यात हरले ते वकिलाचे कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे. तेथे वाचकाविषयीच्या दोन कल्पना समोरासमोर आल्या होत्या. इंग्लंडातल्या १८६८ च्या हिकलिन निकालाने अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली आणि जी आमच्या न्यायालयांनी उचलली, तिच्यात वाचक म्हणजे सहज बिघडणारा एक दुबळा जीव आहे. पुस्तक कोणाच्याही हाती पडेल आणि त्याचे मन भ्रष्ट होईल, तेव्हा पुस्तकालाच आवरा. कर्व्यांचा वाचक ह्याच्या नेमका उलट: तो आधीच घाबरलेला आहे, आधीच अज्ञानाने आणि जाहिरातींनी भ्रष्ट झालेला आहे, आणि त्याने स्वतः होऊन विचारले आहे. जो विचारतो त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आज ज्याला आरोग्याचा अधिकार म्हणतात त्याचे बीज कायद्याच्या पुस्तकात नव्हे, मासिकाच्या ह्या पानात मला दिसते. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हिकलिनची कसोटी मान्य केली आणि २०१४ साली ती सोडली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद २०१८ साली मोडीत निघाली. १९३४ च्या दंडाचे दोनशे रुपये परत करण्याची सोय अर्थातच नाही.

येथवर स्तुती झाली. आता दोष सांगितले पाहिजेत. कर्व्यांना स्वतःला निव्वळ स्तुतीचे लेख वाचून कंटाळाच आला असता.

पहिला दोष स्वराचा. ज्या माणसाला आपले म्हणणे बरोबर आहे हे गणिताने सिद्ध झालेले असते तो प्रतिपक्षाला मूर्ख समजू लागतो. वाचकाच्या शंकेला शांतपणे उत्तर देणारे कर्वे धर्म, देव, ब्रह्मचर्य ह्यांचा उल्लेख येताच चावरे होतात. माणूस व्रत का करतो, उपवासात त्याला काय मिळते, भीतीखेरीज श्रद्धेला दुसरे काही मूळ असते काय, ह्या गोष्टींचे त्यांना कुतूहल नाही. गांधीजींचा संयमाचा आग्रह त्यांना अशास्त्रीय वाटला, आणि तो तसा होताही; १९३५ च्या डिसेंबरात सँगरबाई वर्ध्याला जाऊन गांधीजींशी बोलल्या तेव्हाही ते मत तसूभर हलले नाही. परंतु लाखो बायकांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे हे जे त्या आग्रहात एका कोपऱ्यात दडलेले होते, ते काढून घेऊन आपल्या बाजूला लावावे एवढी लवचिकता कर्व्यांच्या लेखणीत नव्हती. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांचेही तसेच. नग्नता अश्लील नव्हे, हा सिद्धान्त मान्य. परंतु त्या मुखपृष्ठामुळे हे मासिक किती घरांत माजघरापर्यंत पोहोचले नसेल, ह्याचा हिशेब गणिती संपादकाने केलेला दिसत नाही.

आणि माजघर हाच खरा मुद्दा आहे. ‘समाजस्वास्थ्या’ला पत्रे लिहिणारे बहुतेक पुरुष होते, शिकलेले, मध्यमवर्गीय, पोस्टाचे तिकीट परवडणारे. स्त्रियांच्या हक्कासाठी हे मासिक झगडले, पण स्त्रीचा आवाज त्यात क्वचित उमटला. दोष एकट्या संपादकाचा नाही. लिहिता येणाऱ्या बायका किती, आणि त्यांतल्या घरच्यांच्या नकळत पत्र टाकू शकणाऱ्या किती? तथापि परिणाम असा झाला की कर्व्यांची भाषा ही पुरुषाने पुरुषाला समजावून सांगण्याची भाषा राहिली. तिच्यात ‘संभोग’ आहे, ‘गर्भधारणा’ आहे, ‘ऋतुस्राव’ आहे. पण आपल्या आयाबायांच्या तोंडी ह्याच विषयाची एक संपूर्ण वेगळी मराठी होती आणि आहे. पाळी येणे, न्हाण येणे, पदर येणे, बाहेर बसणे, कावळा शिवणे. दिवस जाणे, कूस उजवणे, मोकळी होणे. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे, पोट पाडणे. ह्यांतल्या काही शब्दांत विटाळाची कल्पना आहे, हे खरे. पण त्यांत न लाजता दुसरीला सांगता येण्याची सोय आहे. ‘अंगावरून जाते’ हे वाक्य बाई बाईला विहिरीवर सांगू शकते. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द ती कोणालाच सांगू शकत नाही. कर्व्यांनी शिवी आणि संस्कृत ह्यांच्यामधली जागा शोधली, पण ती जागा आपल्याच घरात, स्वयंपाकघराच्या बाजूला, तयार होती हे त्यांच्या ध्यानात आले नाही. किंबहुना त्यांच्याच एका पुस्तकाचे नाव ‘गुप्तरोगांपासून बचाव’ असे आहे. म्हणजे ‘गुप्त’ हा शब्द त्यांनाही टाकता आला नाही.

कर्व्यांच्या शब्दाचे पुढे काय झाले, हा वाङ्मयीन प्रश्नच आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. त्यांचा शब्द ‘संततिनियमन’. ह्या शब्दात कर्ता कोण? ज्याची संतती तो. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला आणि तो पडला. १९४९ साली मुंबईत धनवंती रामा राव, आवाबाई वाडिया प्रभृतींनी भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापिला. १९५२ साली सरकारने हे कार्य राष्ट्रीय योजनेत घेतले. शब्द झाला ‘कुटुंबनियोजन’. आता कर्ता नियोजन मंडळ. लाल त्रिकोण आला, ‘हम दो हमारे दो’ आले, आणि माणसाच्या जागी ‘केस’ व ‘उद्दिष्ट’ आले. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच. देशभर १९७६-७७ ह्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या किती राजीखुशीच्या होत्या हे त्या काळातून गेलेल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. मग १९७७ साली लोकांचा राग पाहून शब्द पुन्हा बदलला: ‘कुटुंबकल्याण’. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांना नोकरी गमवावी लागली ती करून घेण्यासाठी पुढे सरकारी नोकरांना नोकरीची धमकी देण्यात आली! १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि तिचा अधिकार मध्यभागी आणला, आणि त्यानंतर आमच्याकडे उद्दिष्टांची सक्ती कागदावरून गेली. तरीही २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या दहाहून अधिक जणी दगावल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आहे. पुरुषांना पत्रे लिहिण्याचा कंटाळा नव्हता, एवढे मात्र ह्यावरून दिसते.

कायद्याच्या भाषेतही हीच संथ गती आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात साधन निष्फळ ठरल्याची सबब ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ ह्यांनाच उपलब्ध होती. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. एक विशेषण गाळावयास पन्नास वर्षे लागली. कर्व्यांनी ते आपल्या वाक्यातून १९३० च्या आगेमागेच गाळले होते.

कर्व्यांना जे ऐकू आले नाही ते कोणी ऐकले काय, ह्याचे उत्तर मला मुंबई-पुण्याच्या मासिकांत मिळाले नाही, गडचिरोलीत मिळाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. एकेकीला सरासरी तीनांहून अधिक. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठ. हे आकडे वाचून जगातील आरोग्यशास्त्रज्ञ चकित झाले, कारण तोवर गरीब देशातील बाईचे आरोग्य म्हणजे तिची बाळंतपणे व तिची नसबंदी एवढेच समजले जात होते. मला त्या आकड्यांपेक्षाही त्यांच्या मागची रीत महत्त्वाची वाटते. येथे निनावी चिठ्ठी नाही, पोस्ट नाही, अक्षरओळख नाही. कोणी तरी गावात जाऊन बसले, बायकांनी सांगितले, आणि ते त्यांच्या शब्दांत ऐकून घेतले गेले. ‘समाजस्वास्थ्या’ने विचारणाऱ्याला उत्तर दिले, जिला विचारताच येत नव्हते तिच्यापर्यंत पोहोचण्यास आणखी साठ वर्षे आणि एक स्त्री डॉक्टर लागली. कर्व्यांचे उणे ह्यात दिसते तसे अधिकही दिसते, कारण हा विषय मराठी प्रांतात उघड्यावर आणण्याचा पहिला धक्का त्यांनी खाल्लेला होता.

मधल्या काळात आम्ही, म्हणजे शिकलेले मध्यमवर्गीय, काय करीत होतो? आम्ही ह्या विषयाचे इंग्रजीकरण केले. मुलगी ‘पिरियड्स’ म्हणते, आई ‘प्रॉब्लेम’ म्हणते, डॉक्टर ‘युटेरस’ म्हणतात, आणि सर्वांना वाटते की आपण मोकळे झालो. परका शब्द हातमोज्यासारखा असतो. त्याने स्पर्श होतो पण कळत नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधील पौगंडावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातील गदारोळानंतर थांबविण्यात आला, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात मीही होतो. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला काय सांगावे हे मला ठाऊक नव्हते, आणि शाळेने सांगावे हेही मला नको होते.

डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान पुढच्या वर्षी पुन्हा ठरले. प्राचार्यांनी मला विचारले, तेव्हा दुभाषाचे काम मी मागून घेतले. तत्पूर्वी दोन रात्री बसून मी एका वहीत तीन रकाने आखले: एकात कर्व्यांचे शब्द, एकात माझ्या आईच्या व मावश्यांच्या तोंडचे, एकात मुलांच्या चिठ्ठ्यांतले. मावशी अजून आहेत. त्यांना दूरध्वनी करून मी काही शब्द विचारून घेतले. प्रथम त्या गप्प झाल्या, मग हसल्या, मग एकामागून एक सांगत सुटल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “हे रे तुला कशाला हवे आता ह्या वयात?”

चिठ्ठ्यांची पेटी उघडली. पहिली चिठ्ठी मुलीच्या अक्षरातली वाटली. रोमन लिपीत मराठी लिहिलेली. अंगावरून पांढरे जाते, हा आजार आहे का आणि आईला न सांगता दाखवावयाचे तर कोठे जावे, असे तिने विचारले होते. मी ती जशीच्या तशी वाचली. मागच्या बाकांवर थोडी खुसखुस झाली आणि विरली. बाईंनी मान हलविली, दर वेळी तो आजारच असतो असे नाही म्हणून सांगितले, कधी दाखवावे ते सांगितले, आणि आमच्या गावातील सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ सांगितली. मी ती वेळ मराठीत दोनदा सांगितली, कारण पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वहीच्या कडेला लिहून घेत होत्या.